एकतीस मार्चचा भरणा कुठे गेला?

एका पतसंस्थेच्या पिग्मी खात्यांसाठी, म्हणजे एजंट रोज थोडी थोडी रक्कम गोळा करतो त्या खात्यांसाठी, मी मासिक अहवालाचं पान करून दिलं होतं. महिना निवडायचा, बटण दाबायचं, की त्या महिन्याचा सगळा भरणा एजंटवार समोर. एप्रिल २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या हिशेब बघणाऱ्या ताईंचा फोन आला. "दादा, एकतीस मार्चचा भरणा कुठे गेला? वर्षअखेरीचा दिवस आहे हो तो!"

मी ठामपणे सांगितलं, काहीतरी चुकतंय तुमचं, अहवालात बरोबर एकतीस दिवस आहेत. त्यावर ताईंनी अहवालाची पहिली ओळ वाचून दाखवली. ती २८ फेब्रुवारीची होती.

म्हणजे माझ्या पानाने मार्च महिना २८ फेब्रुवारीला सुरू करून ३० मार्चला उरकला होता. दोन्ही टोकं एकेक दिवस मागे सरकलेली, त्यामुळे दिवसांची संख्या मात्र चोख. मी तपासताना फक्त संख्याच पाहिली होती.

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा 'तारीख' अशी काही साठवतच नाही. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही आपली नव्हे तर यूटीसीची, म्हणजे जगभरच्या घड्याळांसाठी मूळ धरलेल्या वेळेची मध्यरात्र, किती मिलिसेकंद उलटले एवढा एकच आकडा ती धरून असते. मी तिला सांगितलं, '१ मार्च २०२३, रात्रीचे बारा'. संगणक भारतीय वेळेवर असल्याने तिने आपले बारा धरले. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून त्या क्षणी यूटीसीत २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. डेटाबेसकडे पाठवताना मी तारखेचं आयएसओ रूप (आधी वर्ष-महिना-दिवस, मग वेळ, अशी प्रमाणित लिखावट) घेतलं आणि त्याची पहिली दहा अक्षरं कापून घेतली. जावास्क्रिप्ट हे रूप नेहमी यूटीसीतच लिहिते. झालं, फेब्रुवारी आत आला. भारतात वेबसाइट बनवणाऱ्याला स्क्रीनवर '१८:३०' दिसलं की पोटात गोळा येतो, तो यामुळेच.

न्यूयॉर्कमधल्या प्रोग्रामरला हीच ओळ कधी दगा देत नाही. तिथली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत त्याच दिवशीची पहाट. त्याची फजिती उलट बाजूने होते. '२०२३-०३-०१' असं लिहिलेलं वाक्य तारीख म्हणून वाचायला दिलं, की जावास्क्रिप्ट ते यूटीसीतलं समजते आणि त्याच्या पडद्यावर २८ फेब्रुवारीची संध्याकाळ उमटते. आपल्याकडे तेच वाक्य १ मार्चच्या पहाटे साडेपाचला येतं, दिवस बदलत नाही, म्हणून चूक लपून राहते. तिकडच्यांनी लिहिलेले धडे इकडे जसेच्या तसे उतरवले की असे घोळ होतात.

टोकं मी काढली होती ती मात्र एका झकास युक्तीने. कुठल्या महिन्यात किती दिवस हे जावास्क्रिप्टमध्ये पाठ ठेवावं लागत नाही. पुढच्या महिन्याची शून्यावी तारीख मागायची. एप्रिलची एक तारीख म्हणजे पहिला दिवस, तर शून्य तारीख म्हणजे त्याच्या आदला दिवस, अर्थात ३१ मार्च. मार्चची शून्य तारीख मागितली की २०२३ मध्ये २८ फेब्रुवारी मिळते, २०२४ मध्ये २९. लीप वर्षाचा नियम भाषेच्या पोटात आहे: चारने भाग गेला तर लीप, शंभरने गेला तर नाही, चारशेने गेला तर पुन्हा लीप. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल.

पण या भाषेत मार्चचा क्रमांक २ आहे. महिने शून्यापासून मोजतात आणि तारखा एकपासून! नवीन मुलांना हे शिकवताना मला दरवेळी ओशाळल्यासारखं होतं. मूळ बरंच जुनं आहे. सी भाषेत महिन्यांची नावं एका यादीत ठेवायची आणि क्रमांकाने उचलायची सोय होती, नि यादीचं पहिलं घर शून्याचं. तारखांना नावं नसतात, त्या एकपासूनच राहिल्या. जावा या दुसऱ्या भाषेने तीच रीत उचलली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, आणि तिचा तारखेचा भाग जावाकडून आला. १९९७ मध्ये जावाने आपल्या त्या भागातल्या बहुतेक सोयी कालबाह्य ठरवल्या. वेबवर मात्र तो आजही नांदतो आहे, कारण तो बदलला तर जगभरातली पानं कोलमडतील.

बेरजेतही अशीच गंमत आहे. कर्जाचा हप्ता ३१ जानेवारीला सुरू झाला, पुढचा कधी? जावास्क्रिप्टला नुसतं 'महिना एकने वाढव' म्हटलं, तर ती ३१ फेब्रुवारी अशी तारीख बनवते, तसा दिवस नाही हे पाहून उरलेले तीन दिवस पुढे ढकलते आणि ३ मार्च हाती देते. फेब्रुवारीचा हप्ता गुल. काही भाषा शहाणपणाने २८ फेब्रुवारीवर थांबतात, पण तिथेही एक खाच आहे. त्या २८ मध्ये पुन्हा महिना मिळवला की २८ मार्च येतो, आणि एकतीस तारखेचा हप्ता कायमचा अठ्ठावीसवर येऊन बसतो. दर वेळी मूळ तारखेपासून मोजलं, एक महिना, दोन महिने, तीन महिने, तरच तो जागेवर राहतो.

मोठ्यांचीही यात फसगत झाली आहे. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची अझूर ही क्लाउड सेवा कोलमडली. एका प्रमाणपत्राची मुदत ठरवताना आजच्या तारखेतलं फक्त वर्ष एकने वाढवलं जात होतं, त्यातून २९ फेब्रुवारी २०१३ हा दिवस निघाला, आणि तो कॅलेंडरात नव्हताच.

आता ताईंच्या अहवालाकडे परत. वेळेची गफलत सुधारली, टोकं १ मार्च आणि ३१ मार्च अशी नीट झाली. तरी ३१ तारखेचा भरणा आलाच नाही. कारण डेटाबेसला '१ मार्च ते ३१ मार्च' विचारलं की तो ३१ मार्चच्या रात्री बारापर्यंतच बघतो, म्हणजे तो दिवस उजाडायच्या आधीच थांबतो. त्या दिवशी सकाळी अकराला जमा झालेले पैसे त्याच्या लेखी महिन्याबाहेरचे. यावर बरेच जण शेवटाला '२३:५९:५९' चिकटवतात. मग शेवटच्या सेकंदातल्या नोंदी निसटतात. म्हणून पुढे '.९९९' जोडायचं, तर एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचा वेळ साठवायचा जुना डेटटाइम प्रकार सेकंदाच्या साधारण तीनशेव्या भागापर्यंतच अचूक असतो, आणि तो ९९९ ला पूर्णांकित करून थेट पुढच्या दिवसात ढकलतो. एप्रिलचा पहिला क्षण मार्चमध्ये!

खरं तर महिन्याचा शेवट शोधायचाच नाही. पुढच्या महिन्याची सुरुवात शोधायची आणि तिच्या अलीकडचं सगळं घ्यायचं: १ मार्च किंवा त्यानंतरचं, पण १ एप्रिलच्या आधीचं. गणितात याला एका बाजूने उघडं अंतराल म्हणतात. महिना २८ चा की ३१ चा, सेकंदाचे तुकडे किती बारीक, काही फरक पडत नाही. सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची दुसरी बाजू धरली, तेव्हा तिथे २९ डिसेंबरनंतर थेट ३१ डिसेंबर उजाडला. त्या डिसेंबरात दिवस तीसच होते, तरीही ही पद्धत तिथे बिनचूक चालते.

अलीकडे ब्राउझरांमध्ये टेम्पोरल नावाची नवी सोय येऊ लागली आहे. तिच्यात महिने एकपासून, आणि वेळ किंवा वेळक्षेत्राचं शेपूट नसलेली निव्वळ तारीखही ठेवता येते. हे २०२३ मध्ये हाती असतं तर मी ताईंची बोलणी खाल्ली नसती. तिला आपली शक दिनदर्शिकाही कळते. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेली ही दिनदर्शिका महिन्यांच्या बाबतीत फार शिस्तीची आहे. वैशाख ते भाद्रपद एकतीस दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन तीसचे, आणि चैत्र तीसचा, लीप वर्षी एकतीसचा. प्रोग्रामरला याहून काय हवं?

पंचांगातला महिना मात्र असा टेबलात बसत नाही. आपल्याकडे तो अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. अमावास्या संपण्याचा क्षण चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून काढावा लागतो, आणि दोन अमावास्यांच्या मधे सूर्याने राशी बदललीच नाही तर अधिक महिना येतो, जसा २०२३ मध्ये श्रावण आला होता.

अहवाल दुरुस्त करून द्यायला गेलो तेव्हा ताईंच्या टेबलामागे भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर होतं. 'अलीकडचं सगळं' ही भानगड त्यांना कशी समजवावी या विचारात मी त्याच्याकडे बघत होतो. प्रत्येक चौकोनात तिथी, आणि पुढे ती किती वाजेपर्यंत आहे ते. सुरुवातीची वेळ कुठेच छापलेली नव्हती. ताई म्हणाल्या, "ती आदल्या दिवसाच्या घरात असते की."