झेंडा आर्मेनियाचा, बर्फ दुसऱ्यांचा

फिगर स्केटिंग बघताना स्क्रीनवर नावापुढे एआरएम (म्हणजे आर्मेनिया) दिसलं की आपल्याला वाटतं, राजधानी येरेवानच्या कुठल्यातरी रिंकवर लहानपणापासून पडत-धडपडत शिकलेली पोरं असणार. बहुतेक वेळा तसं नसतं. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आर्मेनियाकडून आइस डान्सला, म्हणजे जोडीने बर्फावर नाचायच्या प्रकाराला, टीना गाराबेदियान आणि सिमॉं प्रू-सेनेकाल उतरले, आणि दोघंही कॅनडाचे.

टीनाचं आडनाव मात्र नीट बघण्यासारखं आहे. येरेवानमध्ये हेच आडनाव कारापेत्यान असं म्हणतात. पश्चिम आर्मेनियन बोलीत क चा ग, प चा ब, त चा द होतो, म्हणून कारापेतचा गाराबेद झाला. ही बोली ऑटोमन तुर्कस्तानात राहणाऱ्या आर्मेनियन लोकांची, 1915 च्या नरसंहारातून जे वाचले ते लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, अमेरिका असे पांगले आणि पुढे त्यातलेच बरेच मॉन्ट्रियलला पोचले. म्हणजे आजच्या आर्मेनिया देशात या घराण्यांचं गाव असेलच असं नाही.

आता देशातच स्केटर का तयार झाले नाहीत, तर त्याचं उत्तर विजेत आहे. रिंकचा बर्फ उणे चार-पाच डिग्रीला चोवीस तास ठेवावा लागतो. 1988 ला स्पिताकचा भूकंप झाला, त्यानंतर 1989 ला मेत्सामोरचं अणुवीज केंद्र बंद केलं, वर अझरबैजान आणि तुर्कस्तानने सीमा बंद केल्या, आणि नव्वदीच्या सुरुवातीला येरेवानमध्ये दिवसाला तास-दोन तास वीज यायची, लोक पार्कातली झाडं तोडून शेगडीत घालत होते. तिथे बर्फ कोण गोठवणार? केंद्र परत सुरू झालं 1995 ला, तोवर एक पिढी गेलीच.

मग झेंडा आर्मेनियाचा आणि सराव बाहेर हाच रस्ता उरला, आधी मुख्यतः रशिया, नंतर कॅनडा. 2006 च्या तुरीन ऑलिंपिकला आइस डान्समध्ये अनास्तासिया ग्रेबेंकिना आणि वाझगेन आझरोयान होते, त्यातली ती रशियन. यात नियमाची पण मदत होते, वर्ल्ड किंवा युरोपियन चॅम्पियनशिपला जोडीतल्या एकाचंच नागरिकत्व चालतं. ऑलिंपिकला मात्र दोघांचंही लागतं, त्यामुळे सिमॉंला बीजिंगला जायचं तर आर्मेनियाचा नागरिक होणं भागच होतं.

सिंगल्सवाल्यांचे, म्हणजे एकट्याने स्केटिंग करणाऱ्यांचे, हाल वेगळे. स्लाविक हायरापेत्यान कितीतरी वर्षं राष्ट्रीय विजेता, पण देशात जिंकून भागत नाही. आधी किमान टेक्निकल स्कोअर (उड्या, गिरक्यांचे गुण) गाठायचा, मग वर्ल्ड किंवा युरोपियनला शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, पहिल्या 24 त यायचं, नाही आलं तर फ्री स्केट ही दुसरी, मोठी फेरी नाहीच. वर्षभराची मेहनत 2 मिनिटं 40 सेकंदांत संपते आणि बॅग भरायची. मला तर हे मेडल हुकण्यापेक्षा जास्त क्रूर वाटतं.

आता येरेवानमध्ये इरिना रोदनिनाच्या नावाची स्केटिंग आणि हॉकीची शाळा आहे, हीच ती 1972, 76 आणि 80 ला ऑलिंपिक गोल्ड घेतलेली सोव्हिएत स्केटर. 2022 आणि 2023 ला ज्युनियर ग्रांप्री या आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धामालिकेचा एकेक टप्पाही येरेवानलाच झाला, म्हणजे निदान तेवढे दिवस तरी बाहेरची पोरं बॅगा घेऊन आर्मेनियाच्या बर्फावर आली.