मॉड्युलर स्विचमध्ये राउटर कार्ड कार्यान्वित करणे

मोठ्या नेटवर्क स्विचच्या चेसिसमध्ये (कार्डे बसवण्याच्या खाचा, म्हणजे स्लॉट असलेल्या पेटीत) बसवून वेगवेगळ्या व्हीलॅनमधली (एकाच स्विचवर पाडलेल्या आभासी नेटवर्कांमधली) वाहतूक आयपी पत्त्यांनुसार पुढे धाडणाऱ्या कार्डाला राउटर कार्ड म्हणतात. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० या १९९९ सालच्या मालिकेत हे काम एमएसएफसी नावाचे कार्ड करत असे. ते सुपरवायझर कार्डावरच, म्हणजे संपूर्ण स्विचचे नियंत्रण करणाऱ्या मुख्य कार्डावर, जोडलेले असते.

तयारी चेसिसला हात लावण्याआधीच सुरू होते. सुपरवायझर कुठल्याही स्लॉटमध्ये चालत नाही. नऊ स्लॉटच्या ६५०९ मध्ये सुरुवातीचे सुपरवायझर पहिल्या किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये बसत; पुढचा सुपरवायझर ७२० मात्र पाचव्या किंवा सहाव्या स्लॉटमध्येच बसतो. पॉवर सप्लायचा हिशोबही आधीच लावावा. वीज कमी पडली, तर नवे इंटरफेस कार्ड (केबल जोडण्याचे पोर्ट असलेले कार्ड) नीट बसूनही बंदच राहते.

कार्ड हाताळताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. कार्ड खाचेतून सरळ आत सरकवून दोन्ही टोकांच्या कड्या एकदमच दाबायच्या आणि स्क्रू आवळायचे. चालू स्विचमध्ये कार्ड बसत असताना डेटा बस (कार्डांमधला माहिती वाहून नेणारा सामाईक मार्ग) क्षणभर थांबवली जाते, म्हणून ते अर्धवट आत सारून थांबू नये. रिकाम्या स्लॉटवर झाकणपट्टी हवीच, नाहीतर पंख्यांची हवा भलतीकडून निघून जाते.

वीज मिळाली की कार्ड स्वतःची चाचणी घेते. तोवर दिवा नारिंगी असतो. चाचणी पार पडली की हिरवा होतो, नापास झाली तर लाल. मात्र हिरव्या दिव्यावर समाधान मानू नये. ‘शो मॉड्यूल’ आज्ञा देऊन कार्ड ओळखले गेले का, सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळते का, हे पाहावेच.

स्विचवर कॅटओएस आणि राउटर कार्डावर आयओएस, अशी सिस्कोच्या दोन वेगळ्या कार्यप्रणालींची जोडव्यवस्था असेल तर कन्फिगरेशनही दोन ठिकाणी करावे लागते. पहिल्या स्लॉटमधल्या सुपरवायझरचे एमएसएफसी पंधरावे मॉड्यूल म्हणून दिसते आणि ‘सेशन १५’ या आज्ञेने त्यात शिरता येते. व्हीलॅन आधी स्विचच्या बाजूने तयार करायचा, मग राउटरवर त्याच क्रमांकाच्या इंटरफेसला (त्या व्हीलॅनसाठीच्या आभासी जोडणीला) आयपी पत्ता देऊन ‘नो शटडाउन’ या आज्ञेने तो चालू करायचा. त्या व्हीलॅनमधला एकही पोर्ट चालू नसेल, तर एवढे करूनही इंटरफेस बंदच (‘डाउन’) राहतो. अशा वेळी कार्डात दोष शोधत बसण्यापेक्षा पोर्ट तपासावेत. आयओएसमधले बदल आठवणीने सेव्ह करावे लागतात, एरवी रीस्टार्टनंतर ते उरत नाहीत.

पूर्ण इंटरनेटची राउटिंग यादी (कुठल्या पत्त्यांची वाहतूक कुठे धाडायची याची मार्गसूची) बाळगणाऱ्या कार्डांवर आणखी एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो: हार्डवेअर मेमरीतली किती जागा आयपीव्ही४ ला (आयपी पत्त्यांच्या जुन्या, रूढ प्रकाराला) द्यायची? सुपरवायझर ७२० च्या ३बीएक्सएल प्रकारात मूळ वाटणीनुसार ही मर्यादा ५१२ हजार मार्गांची होती. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटची यादी तिथवर पोहोचली आणि वाटणी न बदललेल्या यंत्रांत जास्तीच्या मार्गांची वाहतूक मंद अशा सॉफ्टवेअर मार्गावर ढकलली गेली. जगभर अनेक ठिकाणी सेवा विस्कळीत झाल्या. त्याच मेमरीत दहा लाख मार्ग सामावण्याची क्षमता होती. वाटणी एका आज्ञेने बदलते, पण ती लागू व्हायला संपूर्ण स्विच रीस्टार्ट करावा लागतो. ग्राहकांची वाहतूक एकदा सुरू झाली की तसा रीस्टार्ट मिळवणे फार अवघड, म्हणून केबल जोडण्यापूर्वीच ही वाटणी ठरवून घेतात.