खिम्याचे अंश आणि छेद

माझी भाची एमएस करायला ओहायोत आहे. तिथल्या थंडीत नुसत्या वरण-भातावर निभेना आणि मटण परवडेना, म्हणून ती ग्राउंड बीफवर, म्हणजे बीफच्या खिम्यावर आली. (आज्जीला सांगायचं नाही, या अटीवर मला हे कळलं आहे.) परवा तिनं दुकानातूनच व्हिडिओ कॉल केला. फ्रीजमध्ये ट्रे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर दोन आकडे: ८०/२०, ८५/१५, ९३/७. (पहिला 'लीन'चा, म्हणजे चरबी वगळून उरलेल्या मांसाचा टक्का, दुसरा चरबीचा.)

"मामा, हे ८० टक्के लीन आहे, आणि स्वस्तही. घेते ना? २० टक्केच तर चरबी आहे."

या 'च'साठी हा लेख.

टक्केवारी सांगितली की आपण अंश ऐकतो, छेद विचारत नाही. २० टक्के खरे, पण कशाचे? वजनाचे. आणि खिम्याच्या वजनात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. १०० ग्रॅम कच्च्या ८०/२० खिम्यात साधारण ६२ ग्रॅम पाणी, १७ ग्रॅम प्रथिनं आणि २० ग्रॅम चरबी असते. पाण्याच्या कॅलरी शून्य, प्रथिनांच्या ग्रॅममागे ४, चरबीच्या ९. चरबीतून १८०, प्रथिनांतून ६८. म्हणजे सुमारे २५० कॅलरींपैकी ७० टक्क्यांहून जास्त चरबीच्या! हाच हिशेब ९३/७ ला लावला तर १५० कॅलरींपैकी ६३, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास. डेअरीवर म्हशीच्या दुधाला '७ फॅट लागली' म्हणतात, तेव्हाही हेच होतं. सात हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्या दुधातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी चरबीतूनच आलेल्या असतात.

अमेरिकी कायद्यानं गोंधळात भर घातली आहे. मांसाच्या पाकिटावर नुसतं 'लीन' लिहायचं तर १०० ग्रॅममागे चरबी १० ग्रॅमच्या आत हवी, संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी साडेचारच्या वर नको. खिम्याला मात्र सवलत आहे. शेजारी चरबीचा टक्का छापला की '८० टक्के लीन' खुशाल लिहिता येतं. वरची मर्यादा काय, तर ३० टक्के चरबी. म्हणजे एकाच फ्रीजमध्ये 'लीन' या शब्दाचे दोन अर्थ नांदतात.

इथपर्यंतचं गणित सोपं होतं. खरी गंमत कढई तापल्यावर सुरू होते. शिजवलेल्या मांसाचे आकडे पाहिले तर धक्का बसतो. परतलेल्या ८०/२० खिम्यात १०० ग्रॅममागे चरबी १७ ग्रॅमच्या वर, म्हणजे थोडीशीच उतरली. आणि ९५/५ मध्ये? पाचाची चक्क साडेसात झाली! तेलाचा थेंब न घालता.

कारण पुन्हा छेद. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातले तंतू आणि त्यांच्याभोवतीची कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची जाळी आक्रसते आणि ओला टॉवेल पिळावा तसं पाणी बाहेर फेकलं जातं. वजन घटलं, छेद लहान झाला, टक्का फुगला. मग चरबी खरंच किती गेली, हे कळायचं कसं? न हलणारी खूण धरायची. प्रथिनं बहुतांशी जागच्या जागी राहतात, तेव्हा चरबी प्रथिनांच्या ग्रॅममागे मोजू. कच्च्या ८०/२० मध्ये १ ग्रॅम प्रथिनामागे सुमारे १.२ ग्रॅम चरबी, शिजल्यावर (२७ ग्रॅम प्रथिनं, १७.४ चरबी) ०.६५. म्हणजे जवळजवळ निम्मी चरबी वितळून निघून गेली. ९५/५ मध्ये आधी ०.२३, नंतर ०.२६, म्हणजे गेलीच नाही असं समजा. फुटलेल्या चरबीपेशींतून निथळून वाहायला मुळात चरबीचा साठा हवा. जी थोडी आहे ती तंतूंच्या मधेच अडकून बसते. तेव्हा प्रथिनांमागे मोजलेलं कच्च्या खिम्यातलं पाचपट अंतर पानात अडीचपटीवर येतं. (आकडे डोक्यावरून गेले असतील तर हे एवढंच वाक्य धरा.)

पण हे चरबी निथळून टाकली तर. आणि आपली गाडी इथेच अडते, कारण आपल्याला तर्री हवी असते. अमेरिकी माणूस खिमा परततो, चरबी ओतून देतो आणि पुढं जातो. आपण त्याच चरबीत कांदा, आलं-लसूण आणि मिरचीपूड परततो. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही चरबीत विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही. मसाला पडल्यावर चरबी काढायला गेलात तर चवही तिच्याबरोबर जाईल. म्हणून क्रम बदलायचा: खिमा आधी कोरडा परतायचा, कढई तिरकी करून चरबी काढायची, मग चमचाभर तेलात फोडणी. कबाब किंवा कोफ्ते करायचे असतील तर चरबी अशी आधी काढता येत नाही, तिथं महागाचा ९३/७ घ्यावा.

एवढी खटपट कशाला? पाव पौंड, म्हणजे ११३ ग्रॅम कच्च्या ८०/२० खिम्यात संपृक्त चरबी साडेआठ ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या हिशेबानं २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला १३ ग्रॅमच्या आत राहायचं. उरलेल्या दिवसात चीज, लोणी आहेच.

परतताना रंगावर मात्र विसंबू नका. खिमा कधी कधी पुरेसा शिजण्याआधीच तपकिरी दिसतो. दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून कबाब-पॅटीच्या मधोमध थर्मामीटर ७१ अंश दाखवेपर्यंत थांबायचं.

आपल्याकडे मटणाच्या खिम्यावर आकडे नसतात, पण डोळे असतात. रानाचा, म्हणजे मांडीचा तुकडा निवडून, वरची चरबी काढायला सांगून समोर खिमा करून घेतला की लेबलाची गरज नाही. सीन्याचा, म्हणजे छातीचा घेतलात तर चरबी ठरलेली.

भाचीनं शेवटी ८०/२० च घेतला. ४५० ग्रॅमच्या ट्रेमधून वाटीत ओतलेली चरबी तिनं वजनकाट्यावर ठेवली: ३८ ग्रॅम. थंड झाल्यावर ती पांढरट, घट्ट झाली. त्यावर तिला आमच्या घरच्या ग्रुपवरचा जुना फॉरवर्ड आठवला: 'मटणावर गार पाणी प्याल तर पोटात चरबीचा गोळा होतो.' होत नाही. घोटभर गार पाणी पोटात काही मिनिटांत ३७ अंशांवर येतं. आणि चरबी पचते ती वितळण्याच्या जोरावर नाही. पित्तरस तिचे बारीक थेंब करतो आणि लायपेज हे पाचक विकर (एन्झाइम) त्यांना तोडतं. पोटाची वाटी होत नाही.

हे पटवायला म्हणून तिनं वाटीचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली काही न लिहिता. पहिलं उत्तर आज्जीचं आलं.

"तूप छान रवाळ झालंय गं. घरी कढवलंस?"