हैयानचं पाणी कुठून आलं?

चक्रीवादळ येणार म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: वारा किती? रेनकोट घातलेला वार्ताहर किनाऱ्यावर उभा राहून ताशी किलोमीटरचा आकडा ओरडतो आणि घाबरायचं की नाही, हे आपण त्यावरून ठरवतो. वाऱ्यानं पत्रे उडतात, खांब पडतात, हे खरंच. पण मोठा संहार केलेल्या वादळांचे हिशोब काढून बघा, बरीचशी माणसं पाण्यानं गेलेली असतात. फिलिपिन्सवर २०१३ साली आदळलेलं हैयान हे याचं अलीकडचं एक भीषण उदाहरण.

हैयान (फिलिपिन्समध्ये योलांडा) नोव्हेंबरच्या सुरुवातीला पश्चिम पॅसिफिकमध्ये, मायक्रोनेशियाच्या बेटांकडे तयार झालं. टायफून म्हणजे आपलं चक्रीवादळच, फक्त समुद्र वेगळा. कोमट पाण्याची वाफ वर जाते, तिचे ढग होताना उष्णता सुटते, हवा आणखी वर चढते आणि खाली दाब घटत जातो, हे शाळेत झालेलं आहे. शाळेत सहसा सांगत नाहीत ते असं, की वादळ स्वतःचंच इंधन तोडत असतं. वारा समुद्र घुसळतो, खालचं गार पाणी वर येतं आणि वाफ कमी पडू लागते. हैयानच्या वाटेवर मात्र गरम पाण्याचा थर चांगलाच खोल होता. कितीही घुसळलं तरी वर येणारं पाणी गरमच! त्यात वादळ झपाट्यानं पुढे सरकत होतं, त्यामुळे एका जागी थांबून समुद्र गार करायला त्याला वेळच मिळाला नाही.

जपानच्या हवामान संस्थेनं केंद्रातला दाब ८९५ हेक्टोपास्कल धरला आणि वारा ताशी २३० किलोमीटर. अमेरिकेच्या वादळ-इशारा केंद्राचा वाऱ्याचा आकडा ३१५. यात चूक कोणाचीच नाही. एक जण दहा मिनिटांची सरासरी घेतो, दुसरा एका मिनिटाची. मथळ्यात कोणता जातो ते सांगायला नकोच.

८ नोव्हेंबरला पहाटे पावणेपाचच्या आधीच वादळ समार बेटाच्या गिवान गावी किनाऱ्याला लागलं, आणि सातच्या सुमारास लेयते बेटावर ताक्लोबान शहराच्या जरा दक्षिणेला. ताक्लोबानमध्ये समुद्र पाच-सहा मीटर चढला. देशभरातल्या मृतांचा सरकारी आकडा ६,३००, शिवाय हजारावर बेपत्ता.

आता एवढं पाणी आलं कुठून? वादळाच्या कमी दाबानं समुद्र 'वर ओढला जातो', असं उत्तर हमखास मिळतं. हिशोब करून बघू. दाब एक हेक्टोपास्कलनं घटला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. नेहमीचा दाब १०१० धरला आणि हैयानचा ८९५, तर फरक ११५. म्हणजे जेमतेम १.१५ मीटर. उरलेलं काम वाऱ्याचं, आणि त्याहून जास्त समुद्रतळाचं.

बशीतल्या चहावर फुंकर मारली की चहा पलीकडच्या काठाला चढतो. तीच फुंकर भरलेल्या बादलीवर मारा, काही होत नाही, कारण वरून ढकललेलं पाणी तळाकडून परत फिरतं. उथळ पाण्याला परतीची वाट नसते. आकड्यांत सांगायचं तर पाण्याच्या पृष्ठभागाचा चढ = वाऱ्याचा ताण ÷ (पाण्याची घनता × गुरुत्वत्वरण × खोली). ताशी १८० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला अंदाजे ६ न्यूटन ताण देतो. खोली १० मीटर असेल तर दर किलोमीटरला ६ सेंटिमीटर चढ येतो, म्हणजे ५० किलोमीटरच्या उथळ पट्ट्यात ३ मीटर. खोली १०० मीटर केली की तोच वारा, तोच पट्टा, आणि पाणी फक्त ३० सेंटिमीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ताण साधारण चौपट होतो, तेही लक्षात ठेवा.

ताक्लोबान नेमकं बशीच्या काठावर आहे. लेयते आखाताच्या वायव्य कोपऱ्यात सान पेद्रोचा उपसागर उथळ आणि निमुळता होत जातो, त्याच्या टोकाशी हे शहर. वादळ पूर्वेकडून येत होतं तोवर शहरावर उत्तरेचा वारा होता, उपसागरातलं पाणी बाहेर लोटणारा. समुद्र मागे हटलेला काहींनी पाहिला. वादळाचा डोळा, म्हणजे केंद्र, दक्षिणेकडून पुढे सरकला, वारा फिरला आणि दक्षिण-आग्नेयेकडून सुटला. बाहेर गेलेलं पाणी परतत होतं, त्याच्याच पाठीवर नवं पाणी आत लोटलं गेलं. शहरातल्या अनिबाँग वस्तीत मालवाहू जहाजं घरांवर येऊन बसली. त्यांतल्या 'एव्हा जोसेलिन' या जहाजाचा पुढचा भाग आजही तिथे स्मारक म्हणून ठेवलेला आहे.

इशारा दिला नव्हता असंही नाही. फिलिपिन्सच्या हवामान खात्यानं ७ मीटरपर्यंत उधाण येईल असं सांगितलं होतं, लाखो लोकांना हलवलंही होतं. पण कित्येकांना हलवलं ते वाऱ्याला टिकणाऱ्या पक्क्या इमारतींत, आणि त्यांतल्या काहींचा तळमजला पाण्याखाली गेला. बरं, हे पूर्वी कधी घडलंच नव्हतं म्हणावं तर ऑक्टोबर १८९७ मध्ये याच भागात असंच वादळ येऊन गेलं होतं. मनिला वेधशाळेतले जेसुइट धर्मगुरू होसे अल्गे यांनी त्यावर सविस्तर अहवाल लिहून ठेवला होता.

हैयाननंतर अमेरिकेनं मायक्रोवेव्ह सोडून हे वादळ बनवलं, असे व्हिडिओ फिरले. अधूनमधून ते नव्या वादळाच्या नावानं परत येतात. एका साधारण मोठ्या चक्रीवादळात ढग बनताना सुटणारी उष्णता ही जगातल्या सगळ्या वीजनिर्मिती क्षमतेच्या कितीतरी पट असते. एवढी ऊर्जा ज्या अँटेनातून निघेल तिचं वीजबिल कोण भरतो, तेवढं फॉरवर्ड करणाऱ्यांनी सांगावं.

वाऱ्यानंही कमी नुकसान केलं नाही. ३ कोटींहून अधिक माड उन्मळले किंवा मोडले. निसर्ग वादळानंतरचं श्रीवर्धन आठवत असेल त्याला हे उलगडून सांगायला नको: माड लावल्यावर नारळ हाती यायला सहा-सात वर्षं जातात, तोवर बागायतदारानं खायचं काय?

पण मला खरं वेड लावलंय ते हेर्नानीनं. समारच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव थेट पॅसिफिकला तोंड करून आहे. समोर समुद्र लगेच खोल होतो, म्हणजे आपल्या सूत्राप्रमाणे इथे वाऱ्यानं पाणी फारसं चढायलाच नको. शिवाय किनाऱ्यालगत प्रवाळाचा कट्टा, लाटा अडवणारा. तरीही इथल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून घेतलेल्या चित्रफितीत पाण्याची उभी भिंत, त्सुनामीच जणू, घरं उचलून नेताना दिसते.

जपानच्या तोहोकू विद्यापीठातले फोल्कर रोबर आणि जेरेमी ब्रिकर यांनी २०१५ मध्ये याची उकल केली. समुद्रातल्या लाटा एकसारख्या येत नाहीत. मोठ्या लाटांचा एक घोळका, मग लहान लाटांचा, असं चालतं. कारण जवळजवळ सारख्या वारंवारतेच्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि विस्पंद तयार होतात, म्हणजे एकूण जोर आलटून पालटून वाढतो आणि कमी होतो, ध्वनीच्या धड्यात असतात तेच. लाट फुटते तिथून किनाऱ्याकडच्या पाण्याची सरासरी पातळी चढते. मोठा घोळका फुटला की जास्त चढते, लहान आला की उतरते. म्हणजे कट्ट्यावर मिनिटांच्या लयीत हलणारी एक वेगळी, लांबच लांब लाट जन्माला येते.

उतरत्या वाळूच्या किनाऱ्यावर लाटा फुटण्याचा पट्टा रुंद असतो आणि या लांब लाटेची बरीच ऊर्जा तिथेच जिरते. प्रवाळाची कड मात्र एकदम उभी. फुटण्याचा पट्टा अगदी अरुंद, त्यामुळे लांब लाट जवळपास शाबूत सुटते, उथळ कट्ट्यावर तिचं तोंड उभं होत जातं आणि ती गावात शिरते. एरवीच्या वादळात जो प्रवाळ गावाला राखतो, त्यानंच हैयानमध्ये पूर वाढवला. 'प्रवाळ आहे म्हणजे किनारा सुरक्षित' असं सरसकट लिहिणाऱ्या पर्यावरणप्रेमी मित्रांना हा शोधनिबंध मी आवर्जून पाठवतो.

अडचण गणिताची आहे. किनाऱ्यांचे धोका-नकाशे ज्या प्रारूपांवर (संगणकावरच्या मॉडेलांवर) बनतात ती लाटांची सरासरी घेतात. सरासरीत घोळके पुसले जातात, आणि हेर्नानीसारखं गाव नकाशावर बऱ्यापैकी निर्धास्त दिसतं. प्रत्येक लाट सुटी मोजणारी प्रारूपं आहेत, पण त्यांना तळाची खोली फार बारकाईनं मोजलेली लागते आणि संगणकही दांडगा लागतो. फिलिपिन्सची बेटं ७,६४१ आहेत, आणि प्रवाळाचे कट्टे त्यांतल्या कितीतरी बेटांभोवती.