इंटरनेट रिसर्च एजन्सी

समाजमाध्यमांवरील बनावट खात्यांद्वारे परदेशांच्या राजकारणात हस्तक्षेप करणारी, सेंट पीटर्सबर्ग (रशिया) येथील संस्था. ‘ट्रोल फॅक्टरी’ (ऑनलाइन चिथावणीखोरांचा कारखाना) या नावानेच ती अधिक परिचित आहे. तिला पैसा रशियन उद्योजक येवगेनी प्रिगोझिन यांच्या काँकॉर्ड कंपन्यांकडून मिळे.

२०१६ ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक हा तिचा मूळ हेतू होता काय, याविषयी मतभेद आहेत. संस्था व काँकॉर्डवरील अमेरिकी आरोपपत्रानुसार (१६ फेब्रुवारी २०१८) संस्थेची नोंदणी जुलै २०१३ च्या सुमाराची, अमेरिकेसाठीचा ‘अनुवादक’ विभाग एप्रिल २०१४ च्या सुमाराचा. मात्र सप्टेंबर २०१३ मध्ये ‘नोवाया गझेटा’ या रशियन वृत्तपत्राने सेंट पीटर्सबर्गच्या ओल्गिनो उपनगरातील तिच्या कचेरीची हकीकत छापली, तेव्हा तेथील पगारी टिप्पणीकार रशियातील विरोधकांवरच तुटून पडत होते. त्यामुळे घरच्या विरोधकांसाठी घडवलेले हत्यार पुढे बाहेर वळवले गेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सप्टेंबर २०१६ मध्ये मासिक खर्च साडेबारा लाख डॉलरांवर गेला होता. हा आकडा अनेकदा केवळ अमेरिकेवरील खर्च म्हणून दिला जातो, ते चूक आहे. त्यात रशियासह इतर देशांतील कामही येते.

अमेरिकी सर्व्हरवर जागा भाड्याने घेऊन व्हीपीएनमार्गे (खरे ठिकाण लपवणाऱ्या जोडणीतून) खाती चालवत. खऱ्या अमेरिकनांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारी ओळखक्रमांक) व जन्मतारखा चोरून पेपाल या ऑनलाइन पैसे-सेवेवर खाती उघडली जात. पाळ्या अमेरिकी वेळेनुसार लागत. तिकडच्या सणासुट्यांची यादी हाताशी असे. प्रत्येक पानाच्या लाइक व शेअरची मोजदाद होई. ही सारी खबरदारी घेऊनही फेसबुकवरील काही जाहिरातींचे पैसे थेट रूबलमध्ये भरले गेले.

कार्यपद्धती ह्यूस्टनमध्ये स्पष्ट दिसते. २१ मे २०१६ रोजी ‘हार्ट ऑफ टेक्सस’ या पानाने एका इस्लामी केंद्रासमोर निदर्शने पुकारली. ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ने त्याच जागी, त्याच वेळी प्रतिनिदर्शने पुकारली. दोन्ही पाने याच संस्थेची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली माणसे मात्र खरी होती, आणि जाहिरातींचा खर्च सुमारे २०० डॉलर.

परिणामाचे मोजमाप अवघड आहे. फेसबुकने सांगितलेला १२.६ कोटींचा आकडा मजकूर ज्यांच्यापर्यंत पोहोचला असावा अशांचा आहे, मत बदललेल्यांचा नव्हे. जाहिराती सुमारे एक लाख डॉलरांच्याच होत्या, मुख्य भर साध्या पोस्टवर होता. ट्विटरवरील एका अभ्यासात (२०२३) १ टक्का वापरकर्त्यांच्या वाट्याला रशियन खात्यांचा ७० टक्के मजकूर आल्याचे आढळले व मतांमधील बदलाशी अर्थपूर्ण संबंध दिसला नाही. मात्र हा निष्कर्ष फेसबुक व इन्स्टाग्रामला लावता येत नाही. याच निवडणुकीच्या काळात डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल फोडण्याचे काम मात्र जीआरयू या रशियन लष्करी गुप्तहेर यंत्रणेचे होते. दोन्हींची गल्लत करू नये.

काँकॉर्डवरील अमेरिकी खटला मार्च २०२० मध्ये मागे घेण्यात आला. प्रिगोझिन यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी निवडणुकांतील हस्तक्षेपाची आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये संस्थेच्या स्थापनेची कबुली दिली. त्याच वर्षी २३ ऑगस्टला विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.