चराची रेल्वे आणि आडव्या बोरची रेल्वे: लंडनच्या जमिनीखाली काय काय धावतं

माझा भाचा शिकायला लंडनला गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "मामा, आठे दोन परकारन्या गाड्या शेतस," म्हणाला, म्हणजे इथे दोन प्रकारच्या गाड्या आहेत. एक आपल्या पॅसेंजरसारखी उंच, ऐसपैस. दुसरी इतकी बुटकी की दारापाशी उभं राहिलं तर मान वाकडी करावी लागते. नकाशा दोघींचा एक, तिकीट एक, आणि लोक दोघींनाही 'ट्यूब'च म्हणतात. मग या दोन का?

प्रश्न नेमका होता. लंडनची भुयारी रेल्वे ही खरं तर वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या रीतीने खोदलेल्या दोन रेल्वे आहेत. हा फरक खान्देशातल्या पारोळ्याकडच्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण त्या दोन्ही रीती आपल्या शेतात आहेत.

विहिरीवरून शेताच्या दुसऱ्या टोकाला पाणी न्यायचं तर आपण जेसीबीने चर खोदतो, पाइप टाकतो, माती परत लोटतो. तेवढ्या पट्ट्यातलं उभं पीक जातं, बांध फुटतो, मधे दुसऱ्याचं शेत असेल तर त्याची संमती लागते. आणि विहिरीचं पाणी कमी पडलं की आपण आडवं बोर मारतो. आमच्या विहिरीत मी ते लहानपणी पाहिलं आहे. यारीने मशीन तळाला सोडलं होतं, दोन माणसं खाली. काळ्या दगडाच्या भिंतीत बिट आडवं शिरत होतं आणि भोकातून राखाडी गाळ बाहेर पडत होता. वर, ज्या जमिनीखालून ते बोर चाललं होतं तिथे, कपाशी जशीच्या तशी उभी होती. माझे काका तिच्यातून चालत गेले आणि पायाला काहीच जाणवत नाही म्हणाले.

लंडनची पहिली रेल्वे चराची आहे, दुसरी आडव्या बोरची.

चराची रेल्वे म्हणजे मेट्रोपॉलिटन रेल्वे. १० जानेवारी १८६३ रोजी ती पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुमारे ६ किलोमीटर सुरू झाली. जगातली ही पहिली भुयारी प्रवासी रेल्वे. त्याच दशकात आपल्या खान्देशात जी.आय.पी.चे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे) रूळ पडत होते, हे लक्षात घेतलं म्हणजे काळाचा अंदाज येतो. लंडनचे रस्ते घोडागाड्यांनी तुंबले होते आणि मोठमोठी रेल्वे स्टेशनं शहराच्या कडेलाच थांबत होती. चार्ल्स पिअरसन या वकिलाने जमिनीखालच्या रेल्वेचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. गाडी धावायच्या चार महिने आधी, सप्टेंबर १८६२ मध्ये, तो वारला. इतकी वर्षं ज्या कामासाठी झिजला ते त्याला पाहता आलं नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

इंजिनिअर जॉन फाउलरने मोठा रस्ता उभा चिरला, विटांच्या भिंती आणि कमान बांधली आणि वरून रस्ता पुन्हा घातला. काम चालू असताना जून १८६२ मध्ये फ्लीट नदीचं गटार फुटून चर पाण्याने भरला. रस्ता संपून वस्ती लागली तिथे घरंच पाडली, आणि हजारो गरीब माणसं बेघर झाली. चर खोदण्याची ही किंमत शेतातही असते. इथे ती माणसांनी मोजली.

शिवाय ओढायला वाफेचं इंजिन! बोगद्यात वाफ सोडू नये म्हणून ती नळ्यांनी पाण्याच्या टाक्यांत वळवायची सोय होती, पण कोळशाचा धूर कुठे वळवणार? म्हणून मधे मधे वर आकाश दिसेल अशी उघडी जागा ठेवावी लागे. बेजवॉटर भागात लेन्स्टर गार्डन्स नावाची एक रस्ता-रांग आहे. तिथले २३ आणि २४ नंबरचे बंगले केवळ दर्शनी भिंती आहेत. खिडक्या रंगवलेल्या, मागे घर नाहीच, मागे रुळांवरचा उघडा खड्डा. रांगेची शोभा जाऊ नये म्हणून या भिंती उभारल्या आणि त्या आजही उभ्या आहेत.

पुढे हीच रीत वापरून डिस्ट्रिक्ट रेल्वे झाली, १८८४ मध्ये दोघींच्या रुळांचं वर्तुळ पूर्ण झालं. आजच्या मेट्रोपॉलिटन, डिस्ट्रिक्ट, सर्कल आणि हॅमरस्मिथ अँड सिटी या चार लाइन चराच्या घराण्यातल्या. त्यांचे रूळ रस्त्याखाली साधारण ५ मीटरवर आहेत.

आता आडवं बोर. शहराच्या मध्यात चर खोदायला जागा उरली नव्हती. पण लंडनच्या पोटात निळसर करडी चिकण माती आहे, दाट आणि पाणी न पाझरणारी. आपल्या काळ्या पाषाणाशी झुंजणाऱ्याला हेवा वाटावा अशी. मार्क ब्रुनेलने थेम्स नदीखालचा बोगदा १८२५ मध्ये सुरू केला तेव्हा खोदणाऱ्यांच्या पुढे ढालीसारखा लोखंडी सांगाडा ठेवला होता. तो बोगदा पुरा व्हायला १८४३ साल उजाडलं. पुढे जेम्स ग्रेटहेडने ती ढाल गोल आणि आटोपशीर केली. आतले मजूर समोरची माती कोरत, जॅक ढालीला पुढे रेटत, मागे ओतीव लोखंडाचे वाकडे तुकडे बोल्टने जोडून कडं तयार होई. कड्यामागची पोकळी चुन्याच्या पातळ लगद्याने भरत. कड्याला कडं लागत नळी लांबत जाई. सुरुवात कुठून, तर उभ्या विहिरीतून. पहिल्या लाइनसाठी अशी एक विहीर थेट थेम्सच्या पात्रात उतरवली होती आणि माती पडावांतून वाहून नेली.

ही पहिली लाइन सिटी अँड साउथ लंडन रेल्वे. डिसेंबर १८९० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मुळात दोराने ओढायची ठरली होती, पण शेवटी विजेची इंजिनं आली, कारण इतक्या खोल, बंद नळीत धूर चालणारच नव्हता. बोगद्याचा व्यास जेमतेम ३.१ मीटर होता. बाहेर बघण्यासारखं काही नाही म्हणून डब्यांना छताजवळ नुसत्या चिरा ठेवल्या होत्या. लोकांनी त्या डब्यांना वेड्यांच्या कोठडीचं नाव दिलं. मग १९०० साली सेंट्रल लंडन रेल्वे आली, कुठूनही कुठेही दोन पेन्स. वर्तमानपत्रांनी तिला 'टुपेनी ट्यूब' म्हटलं आणि 'ट्यूब' हा शब्द तिथून रुजला. म्हणजे तो नळीतल्या गाडीचा शब्द. आज सगळ्या जाळ्याला वापरतात, पण चराच्या चार लाइनना तो नुसता बोलण्यापुरता.

नळी खोल गेल्याने, सरासरी २४ मीटर, घरांच्या पायांना धक्का लागत नव्हता. तरी कंपन्या बहुतेक रस्त्यांच्या खालूनच जात, कारण घराखालची जमीन विकत घ्यावी लागे. रस्ता अरुंद असेल तिथे दोन नळ्या शेजारी न ठेवता एकावर एक घातल्या.

इथे आपल्या माणसाची एक चूक होते, माझीही झाली. बुटकी गाडी म्हटल्यावर मला आमची पाचोरा-जामनेरची पी.जे. आठवली आणि वाटलं, रूळही अरुंद असतील. पी.जे.चे रूळ अडीच फुटांचे, शेजारच्या मेन लाइनचे साडेपाच फुटांचे, म्हणून ती लहान होती. लंडनमध्ये दोघींचे रूळ एकाच मापाचे, चार फूट साडेआठ इंच. लहान आहे ती फक्त नळी. गाडीला तिच्या आकारात बसायचं असल्याने छत गोल, दारं वर वाकलेली आणि चाकंही लहान.

हवेचा फरक सर्वांत जाणवतो. मे महिन्यात, वर पारा ४४ वर असताना, विहिरीच्या तळाला गार वाटतं. नळ्या खोदल्या तेव्हा लंडनची चिकण मातीही अशीच गार होती, १४ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी ट्यूबने या, अशा जाहिराती निघत. पण मोटारी आणि ब्रेक यांची उष्णता ती माती शंभर वर्षं पीत राहिली, आणि आता तिला फार काही पिता येत नाही. गाडी नळीत दट्ट्यासारखी हवा ढकलते म्हणून फलाटावर गाडीआधी गरम वारा येतो. चराच्या लाइनवर वर जागा आहे, उघडे भाग आहेत. म्हणून २०१० पासून तिथे एसी गाड्या सहज आल्या. नळीत एसीने डब्याबाहेर फेकलेली गरमी कुठे जाणार, हाच मोठा प्रश्न होता.

विजेबाबत मात्र दोघी बहिणी आहेत. भुसावळला डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. नळीत तारेला जागाच नाही, म्हणून वीज रुळांशेजारून जाते. तीही दोन वेगळ्या पट्ट्यांनी, एक बाजूला, एक मधोमध. परतीचा प्रवाह चालत्या रुळांतून सोडला असता तर तो लोखंडी कड्यांत आणि पाइपांत झिरपून त्याने ते कुरतडले असते. म्हणून एका गाडीखाली चार पट्ट्या दिसतात.

'सबवे' शब्दाचाही घोळ इथेच सांगतो. आपण रेल्वेखालच्या पायवाटेला सबवे म्हणतो, लंडनचा माणूसही तेच म्हणतो. न्यूयॉर्कमध्ये, १९०४ पासून, सबवे म्हणजे गाडी. ग्लासगोतही गाडीच, १८९६ पासून.

दोन्ही एका जागी पाहायच्या तर बेकर स्ट्रीट. वरच्या थरात १८६३ चे विटांचे फलाट आहेत, रुंद कमानीखाली दोन रूळ मधे आणि फलाट दोन्ही बाजूंना, भिंतीत वर उजेडाचे झरोके. सरकत्या जिन्याने खाली गेलं की एका नळीत एकच रूळ, एकच फलाट, भिंत पाठीमागून डोक्यावर वळलेली.

भाच्याने मात्र मला दुसऱ्या स्टेशनचा फोटो पाठवला, रेनर्स लेनचा. तिथून अक्सब्रिजपर्यंत मेट्रोपॉलिटनची उंच गाडी आणि पिकाडिलीची बुटकी गाडी उघड्या आकाशाखाली एकाच रुळांवरून धावतात. दोघींच्या तळाची उंची वेगळी, म्हणून फलाट मधल्या उंचीचा ठेवला आहे. उंच गाडीत चढायचं तर पाय वर टाकावा लागतो आणि बुटकीत शिरायचं तर खाली.