वांगावर लिंबू चोळायचं का?

चेहऱ्यावरचे वांग लिंबू चोळलं की आठवड्यात जातात, हा मेसेज लई वर्षांपासून फिरायलाय. घरचाच उपाय, फुकटचा, म्हणून कुणालाही खरा वाटतो.

पण वांग म्हणजे वरचा मळ नाही. कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी जास्त काम करायला लागतात, ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातच असणं अशा कारणांनी, आणि हा रंग कधी कधी खोल थरात उतरलेला असतो, तिथं लिंबू पोचतच नाही. उलट लिंबाचा पीएच 2 च्या आसपास, म्हणजे चांगलंच आंबट, त्यानं आग होते, आणि तो रस लावून बीड-लातूरच्या उन्हात कापूस वेचायला गेलं तर काही जणींना भाजल्यासारखे चट्टे पडून डाग अजून काळा होतो.

पडताळा घरीच घ्या. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी महिन्याला फोटो काढा, एप्रिल-मेमध्ये डाग गडद दिसला तर ऊन त्याला वाढवतंय असा अंदाज येतो.

रुमाल बांधा, एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा, ट्यूबवर लिहिलेला असतो) 30 च्या वरचं, शक्यतो रंगीत, म्हणजे कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन दर दोन-तीन तासाला लावा, बाकी औषध डॉक्टरला विचारून. मेडिकलातून आणलेल्या गोऱ्या करणाऱ्या ट्यूबवर मोमेटासोन लिहिलंय का ते आधी वाचा, ते स्टेरॉइड असतं, मनानं महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते.